डंख, सूट आणि चिडकी पेटी: मधमाशीपालनात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधमाश्यांची पेटी उघडायला शिकणारी माणसं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ज्या चुकीने माणसाला किंवा माश्यांना इजा होते, तिच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमत नाही.

मी काहीच केलं नव्हतं, तरी माशी का चावली?

तिच्या लेखी तुम्ही काहीतरी केलं होतं. दारासमोर उभं राहून येण्याजाण्याची वाट अडवली असेल, पेटीला धक्का लागला असेल, नाहीतर तोंडाजवळ आलेल्या माशीला हाताने झटकलं असेल. चटकन हलणारी वस्तू, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि गडद, केसाळ पृष्ठभाग या तीन गोष्टी रक्षक माश्यांना शत्रूची खूण वाटतात. मध चोरायला येणारे प्राणी तसेच असतात ना!

नांगी फक्त मादीला असते. मोठ्या डोळ्यांचा, जाडजूड, मोठ्याने गुणगुणणारा नर अंगावर आदळला तरी काही करू शकत नाही. राणीची नांगी जवळजवळ गुळगुळीत असते आणि ती दुसऱ्या राणीसाठी राखलेली असते. आपल्याला चावते ती कामकरी. तिच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे आपल्या कातडीत ती रुतली की निघत नाही. माशी उडून जाते तेव्हा नांगी, विषाची पिशवी आणि पोटाचा शेवटचा भाग तुटून मागे राहतो. थोड्या वेळाने ती मरते.

एक चावली की लगेच आणखी चार-पाच कुठून येतात?

वासावरून. नांगी बाहेर पडली की तिच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींमधून धोक्याचा गंध हवेत पसरतो. त्याचा एक मुख्य घटक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, हे १९६२ मध्ये दाखवून देण्यात आलं. आपल्या नाकाला हा वास पिकलेल्या केळ्यासारखा लागतो, माश्यांना मात्र तो ‘इथे चावा’ असं सांगतो. म्हणून दुसरा डंख बऱ्याचदा पहिल्याला लागूनच बसतो. चौकटीखाली (म्हणजे पेटीतलं पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेमखाली) चिरडलेल्या माशीकडूनही हाच गंध सुटतो.

हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढची सगळी उत्तरं त्यातूनच निघतात. सूट, धूर, हळू हात, धुतलेले हातमोजे, या सगळ्यांमागचा हेतू पहिला डंख होऊ न देणं हाच आहे. काम करताना केळ्यासारखा वास आला तर मी हातातली चौकट जागेवर ठेवते, धूर देते आणि उरलेलं काम पुन्हा कधीतरी करते.

अनुभवी लोक उघड्या हातांनी काम करतात. मग पूर्ण सूट लागतोच का?

शिकताना लागतोच. डंखाची भीती मनात असली की हात थरथरतात, चौकट निसटते, माश्या चिरडतात आणि ज्याची भीती होती तेच घडतं. सूट घातलेला माणूस निवांत हातांनी काम करतो. पुढे आपल्या पेट्यांचा स्वभाव कळला की कोणत्या दिवशी काय कमी करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

चेहऱ्याची जाळी मात्र कुणीच, कधीच सोडू नये. डोळ्याच्या बुबुळावर बसलेला डंख दृष्टीला कायमची इजा करू शकतो. तोंडात किंवा घशात बसलेल्या डंखाच्या सुजेने श्वास कोंडतो. चिडलेल्या माश्या चेहऱ्याकडेच झेपावतात, कारण श्वास तिथूनच येतो.

सूट निवडताना काय बघावं?

रंग पांढरा किंवा अगदी फिकट, कापड गुळगुळीत. लोकर आणि गडद, केसाळ कापड नको. जाडीपेक्षा ढिलेपणा महत्त्वाचा. नांगी असते दोन-अडीच मिलिमीटरची. कापड अंगापासून तेवढं सुटं राहिलं तर डंख कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणून सुती सूट घातलेल्यांना डंख बसतात ते ठरावीक जागी: वाकल्यावर पाठीवर, उकिडवं बसल्यावर गुडघ्यावर आणि मांडीवर, चौकट उचलताना खांद्यावर. तिथे कापड ताणून अंगाला चिकटतं. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा सूट घ्या, आत लांब बाह्यांचा सुती शर्ट आणि ढिली पँट घाला. सूट अंगात घालून एकदा खाली बसून बघा, पुढे वाकून बघा. दुकानात ताठ उभं राहून सगळेच सूट बरोबर बसतात.

तीन थरांचे जाळीदार सूट मिळतात. दोन पातळ जाळ्यांमध्ये जाड, फुगीर जाळी असते. त्यांतून वारा खेळतो आणि नांगी मात्र आरपार जात नाही. किंमत जास्त असते, पण उन्हात तासन्‌तास काम करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. उकाड्याने जीव कासावीस झालेला माणूस घाई करतो.

जाळी काळी का असते? पांढरी जास्त बरी नाही का?

पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि पोळ्याच्या घरातली उभी, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक अंडी दिसत नाहीत. काळ्या जाळीतून स्वच्छ दिसतं. जाळी नाक, हनुवटी, कान आणि मानेला टेकत नाही ना, एवढं बघा. टोपीची कड रुंद असेल तर ती आपोआप दूर राहते. वाकल्यावर मात्र जाळी नाकावर येते, ते वाकूनच तपासा.

सगळ्यात दगाबाज जागा म्हणजे गळ्यापाशी जिथे दोन झिप एकत्र येतात. तिथे करंगळीएवढी फट राहते आणि माश्या ती हमखास शोधतात. तिच्यावर चिकटपट्टीचं झाकण असतं, ते नीट दाबून बसवा. मी पेटीकडे जाण्याआधी तो कोपरा दरवेळी बोटाने चाचपते.

हातमोजे कोणते?

मऊ, पातळ चामड्याचे, कोपरापर्यंत कापडी बाही असलेले मोजे चालतात. जाड मोज्यांनी बोटांना काही कळत नाही आणि माश्या चिरडल्या जातात. पेट्या शांत असतील तर मी तपासणीसाठी वापरतात तसले पातळ नायट्राइलचे मोजे घालते. माशी त्यांतून चावू शकते, पण सहसा चावत नाही, आणि बोटाखाली माशी आली तर लगेच जाणवतं. काम झालं की ते टाकून देता येतात, त्यामुळे जुना गंध पुढच्या पेटीपर्यंत जात नाही.

चामड्याच्या मोज्याकडे एकदा जवळून बघा. एखादी नांगी रुतून बसलेली दिसेल: काळसर टोक, त्यावर पांढुरकी, टाचणीच्या डोक्याएवढी पिशवी. डंख ताजा असेल तर ती पिशवी माशी निघून गेल्यावरही आपोआप आकुंचन पावताना दिसते. असे आठ-दहा डंख बसलेला मोजा पुढच्या पेटीत घातला, तर तुम्ही उघडण्याआधीच धोक्याची घंटा वाजवलेली असते.

पायांना काय?

घोटे हे विसरलेलं ठिकाण. जमिनीवर पडलेली माशी वर चढत जाते, आणि पँटच्या आत शिरली की वाट मिळेल तिथपर्यंत जाते. पँट मोज्यांत खोचा, वरून उंच बूट घाला, सूटची इलॅस्टिकची कड बुटावर ओढा. सैल वाटली तर वरून चिकटपट्टी गुंडाळा. काळे, जाड मोजे घालू नका.

माशी जाळीच्या आत शिरली तर?

आवाजावरून कळतं. बाहेर शेकडो माश्यांचा एकसारखा गुंजारव चालू असतो आणि अचानक एक आवाज कानाजवळ, बारीक आणि स्पष्ट येऊ लागतो. माझ्या बाबतीत पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून पेटीशेजारी उभ्याउभ्याच झिप उघडली. आत एक होती, बाहेरच्या पाच-सहा जणी आत आल्या. वरच्या ओठावर आणि पापणीवर डंख बसले आणि दोन दिवस एक डोळा उघडत नव्हता.

तेव्हा झिप उघडायची नाही. हातातली चौकट सावकाश ठेवा, पेटीवर झाकण टाका, पंचवीस-तीस पावलं दूर, शक्यतो झाडोऱ्यातून चालत जा. अंगावर दुसऱ्या माश्या नाहीत हे बघा, मगच जाळी उघडा. बऱ्याचदा आत शिरलेली माशी उजेडाकडे, म्हणजे जाळीवर चढते आणि तुमच्याकडे तिचं लक्षही नसतं. ती चेहऱ्यावर बसली असेल आणि तुम्हाला राहवतच नसेल, तर जाळीवरूनच दाबून टाका. वाईट वाटतं, पण ते पेटीपासून लांब गेल्यावरच करा.

सूट किती वेळा धुवावा?

डंख बसले असतील तर त्याच दिवशी. एरवी तीन-चार वेळा वापरल्यावर. जाळीचा भाग सुटा करून कोमट पाण्यात हाताने धुवा, वॉशिंग मशीनमध्ये तिच्या तारा वाकतात. साबण बिनवासाचा घ्या. डाग आणि प्रोपोलिसचा (माश्या फटी बुजवायला वापरतात त्या डिंकासारख्या पदार्थाचा) चिकटा धुण्याच्या सोड्याने चांगला निघतो. घरच्या इतर कपड्यांत सूट मिसळू नका. विषाचे कण कापडावर राहतात आणि घरातल्या एखाद्याला त्यांची अ‍ॅलर्जी असू शकते.

अत्तर, तेल, घाम यांनी फरक पडतो का?

पडतो. उग्र वासाचं काही लावू नका आणि पेटीकडे जाण्याआधी केळं खाऊ नका, कारण वर आलंच आहे.

धूर नेमकं काय करतो? किती द्यावा?

दोन कामं करतो. एक, धुरामुळे माश्यांच्या मिशांना धोक्याचा गंध कमी जाणवतो. हा परिणाम दहा-वीस मिनिटांत ओसरतो, म्हणून मधूनमधून धूर द्यावा लागतो. दोन, धूर आला की माश्या पोळ्यातला मध पोटात भरू लागतात आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे वळतं.

धूर पांढरा, दाट आणि थंड हवा. स्मोकर, म्हणजे धूर सोडायचा भाता लावलेला डबा, आधी पेटवून, भाता हलवून चांगला धगधगू द्या, मग वर हिरव्या गवताची चूड ठेवा. स्वतःच्या मनगटावर एक झोत सोडून बघा. चटका बसला तर माश्यांचे पंख भाजतील. जळण म्हणून कोरडं गवत, पालापाचोळा, लाकडाचा भुगा किंवा जुन्या तागाच्या पोत्याचे तुकडे घ्या. प्लॅस्टिक, रंग किंवा कीटकनाशकाचा अंश असलेलं काहीही नको.

दारात दोन-तीन झोत द्या आणि एक-दोन मिनिटं थांबा. हे थांबणंच सगळे विसरतात. मग झाकण किंचित उचलून आत एक झोत, पुन्हा थोडं थांबून उघडा. नंतर चौकटींच्या वरून आडवा, हलका धूर पुरतो. पेटीत कोंडल्यासारखा धूर भरला तर माश्या सैरावैरा धावतात आणि राणी सापडत नाही. डंख बसलाच तर नांगी काढून त्या जागेवर धूर द्या.

पेटी कधी उघडू नये?

ढगाळ, पावसाळी हवेत, जोराच्या वाऱ्यात, वादळ यायच्या आधी. सकाळी फार लवकर आणि संध्याकाळी सगळ्या माश्या घरी असतात. फुलोरा संपलेल्या टंचाईच्या दिवसांतही टाळा, कारण तेव्हा उघडी पेटी दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांना लुटीचं आमंत्रण ठरते. उन्हाच्या, शांत हवेच्या दिवशी फुलोरा भरात असताना वयस्क माश्या बाहेर असतात, तेव्हा काम करा. रात्री पेटी कधीही उघडू नका. अंधारात माश्या उडत नाहीत, कपड्यावर सरपटत चढतात आणि ज्या फटीची तुम्हाला कल्पना नव्हती तिथून आत येतात.

डंख बसल्यावर सगळ्यात आधी काय?

नांगी काढा, ताबडतोब, जशी निघेल तशी. चिमटीत धरू नये, नखाने खरवडूनच काढावी असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की पद्धतीने फरक पडत नाही, उशिराने पडतो. बहुतेक विष पहिल्या २० सेकंदांतच आत उतरतं. मग जागा धुवा, थंड पट्टी ठेवा, हाताला डंख असेल तर अंगठी लगेच काढा. दोन-तीन दिवस सूज आणि खाज राहणं नेहमीचं आहे.

अ‍ॅलर्जीची धोक्याची लक्षणं कोणती?

डंखाच्या जागेपासून दूर, अंगभर गांधी उठणं, ओठ, जीभ किंवा घसा सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, चक्कर, उलट्या. यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्या. माणसाला झोपवून पाय वर ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर बसवा. उभं करू नका, चालवू नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायलाच हवं, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

एकदा असं झालेल्या माणसाने अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पेटीजवळ जाऊ नये. विषाचे अगदी सूक्ष्म डोस वाढवत नेण्याचा उपचार असतो, तो साधारण तीन ते पाच वर्षं चालतो आणि परिणामकारक आहे. अ‍ॅलर्जी नसलेल्यालाही एकाच वेळी पुष्कळ डंख बसले तर विषाच्या प्रमाणामुळे स्नायू आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो, आणि तो उशिरा दिसतो. अशा माणसाला बरं वाटत असलं तरी डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा.

अख्खा थवा मागे लागला तर?

एखाददुसरी माशी असेल तर स्थिर राहा. थवा असेल तर पळा. शर्ट वर ओढून चेहरा झाका, डोळ्यांपुढची वाट दिसेल एवढं मोकळं ठेवा आणि घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. चार माश्या बरोबर आत आल्या तरी चालतील. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर थांबून राहतात. आग्या मोहोळाच्या माश्या दूरवर पाठलाग करतात, त्यांच्या पोळ्याजवळ धूर किंवा दगडफेक यांचे प्रयोग कुणीही करू नयेत. आफ्रिकी माश्यांचंही तसंच. १९५६ मध्ये त्यांच्या राण्या संशोधनासाठी ब्राझीलमध्ये आणल्या, १९५७ मध्ये काही थवे निसटले, आणि त्यांची संकरित संतती १९९० पर्यंत टेक्सासला पोचली. तिथल्या मधपाळांनी त्यानंतर आपली कामाची रीतच बदलली.

पेटी मुळात चिडकी आहे की फक्त आज चिडली आहे, हे कसं ओळखावं?

एका भेटीवरून ठरवू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी, चांगल्या हवेत, नीट धूर देऊन उघडा आणि दर वेळी दोन गोष्टी लिहून ठेवा: किती माश्या जाळीवर येऊन आदळल्या आणि त्या किती पावलं मागे आल्या. शांत पेटीच्या माश्या चार-पाच पावलांवर परत फिरतात. तिन्ही वेळा घराच्या दारापर्यंत पाठलाग झाला तर तो स्वभाव आहे.

एकदम स्वभाव बिघडला असेल तर आधी कारण शोधा. राणी गेलेल्या पेटीतून उघडताच वेगळाच, हुंदक्यासारखा लांबणारा आवाज येतो. अंडीही दिसत नसतील तर बहुधा तेच कारण. गांधीलमाश्यांचा त्रास, दुसऱ्या पेटीची लूट, रात्री दारावर ओरबाडणारा प्राणी, उपासमार, पेटीला टेकलेली हलती फांदी, जवळ चालणारं गवत कापायचं यंत्र, अशी कारणं दूर केली की पेटी आपोआप निवळते. बिचाऱ्या माश्यांचा दोष नसताना राणी मारू नका.

खरोखर चिडकी पेटी हाताळायची कशी?

एकट्याने नाही. दोघंही पूर्ण सूटमध्ये, एकमेकांची झिप तपासलेली, भरलेला स्मोकर आणि पेटवलेला दुसरा तयार. मुलं, जनावरं, शेजारी दूर. पळायची वाट आधी ठरवलेली. शेजारच्या पेट्यांनाही दारात धूर द्या, नाहीतर गंध त्यांच्यापर्यंत पोचतो. ही पेटी सगळ्यांत शेवटी उघडा.

पेटीच्या मागून काम करा. पटाशी (पेटी उघडायचं चपटं लोखंडी हत्यार) फटीत घालून दाब हळूहळू वाढवा, चिकटलेलं झाकण ‘कट्ट’ असा आवाज होऊन सुटलं तर तो धक्का सगळ्या पेटीला बसतो. कडेची चौकट सर्वांत आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते आणि पोळ्यांवरच्या माश्या घासल्या जात नाहीत. ओलसर कापडाच्या दोन पट्ट्या जवळ ठेवा आणि जी चौकट बघता तेवढीच उघडी, बाकी सगळं झाकलेलं ठेवा. या एका युक्तीने हवेत उठणाऱ्या माश्या निम्म्याहून कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

तरीही जमत नसेल तर वयस्क माश्या वेगळ्या काढा. चांगल्या हवेच्या दिवशी सकाळी पेटी उचलून काही मीटर दूर ठेवा. जुन्या जागी रिकामी पेटी ठेवून तिच्यात अंडी-अळ्यांची एक चौकट टाका, तिच्यावर राणी नाही याची खात्री करून. बाहेर जाणाऱ्या माश्या सवयीने जुन्या जागी परततात, आणि चावणाऱ्याही बहुतेक त्याच असतात. दुसऱ्या दिवशी हलवलेल्या पेटीत तरुण, निवांत माश्या उरतात. मग राणी शोधणं सोपं जातं, आणि नवी राणीही त्या लवकर स्वीकारतात.

राणी बदलल्यावर स्वभाव किती दिवसांत सुधारतो?

लगेच नाही. नव्या राणीच्या अंड्यातून कामकरी बाहेर यायला २१ दिवस लागतात. जुन्या राणीच्या माश्या आणखी काही आठवडे जगतात आणि रक्षणाचं काम वयस्कांकडेच असतं. भर हंगामात सहा ते आठ आठवडे धरा, तोवर पूर्ण सूट घालूनच जा. शांत पेटीतली राणी आणा, आणि आत सोडण्याआधी तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावा. पुढे कधी बिनठिपक्याची राणी दिसली तर माश्यांनी आपली आपण नवी केली असं समजा, आणि आदळणाऱ्या माश्यांची नोंद पुन्हा सुरू करा.